तपासणारे आले, तपासून गेले

१ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची यूएसएड अधिकृतपणे बंद झाली, तसे पुण्या-मुंबईच्या मित्रांचे हळहळीचे फोन आले. त्यांना म्हटले, आदिलाबादकडच्या लहान संस्थांचा श्वास २०२०मध्येच कोंडलाय. २०१६ला इस्तंबूलमध्ये बड्या दात्यांनी वचन दिले होते, २०२०पर्यंत निदान पाव हिस्सा निधी स्थानिक संस्थांच्या हाती देऊ. नेमक्या २०२०च्याच सप्टेंबरात आपल्या संसदेने विदेशी देणग्यांचा कायदा असा बदलला की मोठ्या संस्थेने आलेला पैसा धाकटीला द्यायचाच नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २०वर आली. हिशेब ठेवण्याचा, अहवाल लिहिण्याचा खर्चही त्या विसातच! कागद मागायचे ढीगभर आणि कारकुनाला ठेवायचे उपाशी.

१९७६चा मूळ कायदा आणीबाणीतला. पुढची वीसेक वर्षे फॉर्म भरण्यात गेली. सांगण्यासारखे काही नाही. खरे दिवस २०००नंतरचे. आदिलाबाद जिल्हा अजून एकसंध होता. जागतिक बँकेच्या पैशातून ‘वेलुगु’ हा गरिबी निर्मूलनाचा कार्यक्रम ज्या सहा जिल्ह्यांत आधी सुरू झाला, त्यांत तोही होता. पैसा कर्जाचा, रुबाब दात्याचा. पण गरीब कोण हे गावानेच बसून ठरवायचे, ही रीत मला तेव्हाही पटली, आजही पटते.

त्याच काळात एका परदेशी दात्याचा (नाव नको) मूल्यमापक उटनूरकडच्या एका कोलाम आदिवासींच्या गुड्यावर (पाड्यावर) आला. मी दुभाष्या. त्याने हजेरीवहीतले अंगठे एकेक करून मोजले, फलकाचा फोटो काढला, प्रशिक्षणे किती झाली ते विचारले. एका म्हातारीने उलट विचारले, पेरणी उरकल्यावर बियाणे का आले? आधीचा अहवाल मंजूर झाल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नसे, आणि मंजुरी येईतो मृग सरला होता. म्हणजे उशीर केला तो तपासणीनेच. साहेबाच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता. कार्यक्रम ‘समाधानकारक’ ठरला.

तरी तो माणूस गुड्यापर्यंत आला, बाजेवर बसला, कोरा चहा प्याला. आता विदेशी देणग्यांच्या वार्षिक हिशेबाचा फॉर्म, एफसी-४, वेळेत भरला की संस्था चोख. गुड्यावर यायची गरजच कुणाला वाटत नाही.

ज्यांची मदत अजून इकडे येते, त्या दात्यांना एवढेच सांगणे: हप्ता मृगाआधी सोडा, अहवाल दिवाळीनंतर मागा.