एक उपेक्षित बोलपट

‘वेस्टर्न’ बोलपट म्हटला, कीं घोडे, पिस्तुलें आणि धुरळा एवढेंच सुज्ञ वाचकांच्या मनांत येतें. १९४३ सालचा ‘दि ऑक्स-बो इन्सिडेंट’ या समजुतीस अपवाद होय. दिग्दर्शक विल्यम वेलमन व नट हेन्री फोंडा यांच्या या कृतीचा ऑस्करसाठीं सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून नामनिर्देश झाला. तथापि प्रेक्षक तिच्याकडे फारसे वळले नाहींत.

कथानक १८८५ सालच्या नेव्हाडांतलें. गुरांच्या एका मालकाचा खून झाल्याची वार्ता उठते. खवळलेला जमाव तीन वाटसरूंस पकडतो. त्यांस कोर्टापुढें न्यावें असें म्हणणारे निघतात अवघे सात! तिघेही फांसावर लटकतात. आणि परततांना कळतें, कीं तो मालक जिवंत आहे.

ही परदेशची गोष्ट म्हणून आम्हां महाडकरांस हात झटकतां येत नाहींत. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी यांनीं चवदार तळ्याचें पाणी घेतलें. पाठोपाठ, ते वीरेश्वराच्या देवळांत शिरणार अशी खोटी हूल उठली आणि परिषदेस आलेल्यांवर लाठ्या चालल्या. तळ्यावरील त्यांचा हक्क मुंबई हायकोर्टानें मान्य केला तो १९३७ सालीं. न्यायास दहा वर्षें लागलीं. अफवेस कांहीं घटका पुरल्या.

अखेरीस फोंडा एका मृतानें पत्नीस लिहिलेलें पत्र वाचतो. ऐकणारे निःशब्द होतात. सव्वा तासाचा हा बोलपट मुलांसह अवश्य पाहावा, आणि मग त्यांस चवदार तळ्याची हकीकतही सांगावी.