थंडीत गाडी सुरू होईना? आधी तिचा आवाज ऐका

डिसेंबर उजाडला, निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली, की भल्या सकाळी गॅरेजवाल्यांचे फोन वाजू लागतात : ‘गाडी सेल्फच घेत नाहीये!’ सगळा दोष जातो थंडीच्या माथी. खरं तर थंडी सहसा काही बिघडवत नाही. महिनोन्‌महिने लपून बसलेला बिघाड ती चव्हाट्यावर आणते. तो नेमका कुठे आहे, हे ओळखणं वाटतं तेवढं अवघड नाही. शिवाय शोधता शोधता काही भन्नाट गोष्टीही कळतात.

१. मारतो उन्हाळा, बदनाम होते थंडी

बॅटरीचा खरा वैरी म्हणजे उष्णता. विदर्भातला ४५ अंशांचा उन्हाळा बॅटरीतलं पाणी उडवतो, आतल्या शिशाच्या प्लेटा झिजवतो. पण उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं, त्यामुळे अर्धमेली बॅटरीही वेळ निभावून नेते. डिसेंबरात मात्र तिचं पितळ उघडं पडतं. तीन-चार वर्षांची बॅटरी थंडीत कुरकुरायला लागली, तर पहिला संशय तिच्यावरच घ्या.

२. ताकद निम्मी, काम दुप्पट

बॅटरीची वीज रासायनिक क्रियेतून येते आणि गारठ्यात ही क्रिया मंदावते. शून्य अंशाला बॅटरीची सुमारे ३५ टक्के ताकद जाते, तर उणे १८ अंशांना जवळपास ६० टक्के. नेमकं त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट होतं आणि इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. म्हणूनच थंड देशांत बॅटरी घेताना आधी ‘सीसीए’चा आकडा बघतात. उणे १८ अंशांना, सलग ३० सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली जाऊ न देता बॅटरी किती अँपिअर देऊ शकते, त्याचं हे माप.

३. ‘कट्-कट्-कट्’ की नुसतंच ‘कट्’?

सेल्फ मारण्याआधी रेडिओ, ब्लोअर, हेडलाइट बंद करा, काच खाली घ्या आणि नीट कान द्या.

• भराभर कट्-कट्-कट् आणि डॅशबोर्डचे दिवे मिणमिणते : बॅटरी डाउन किंवा टर्मिनल सैल. स्टार्टरचं सोलेनॉइड ओढलं जातं, वीज अपुरी पडून सुटतं, पुन्हा ओढलं जातं. त्या झटापटीचा हा आवाज.

• एकच दणदणीत ‘कट्’ आणि दिवे लख्ख : संशय स्टार्टर मोटरवर किंवा सोलेनॉइडवर.

• घुर्रऽऽ... घुर्रऽऽ... करत इंजिन रखडत फिरतं : दमलेली बॅटरी, खराब अर्थिंग किंवा जाड ऑइल.

• इंजिन झपझप फिरतं, पण पकडत नाही : बॅटरी निर्दोष! इंधन किंवा स्पार्क पोचत नाहीये.

• आवाज नाही, दिवेही नाहीत : बॅटरी पार बसलीय किंवा टर्मिनल निसटलंय.

४. मल्टिमीटर खोटं बोलत नाही

इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा साधा मल्टिमीटरही पुष्कळ काही सांगतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती फुल चार्ज आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. चार्ज बॅटरीचा आकडा सेल्फ मारताना ९.६ च्या बराच खाली कोसळला, तर तिचे दिवस भरले. आणि इंजिन सुरू झाल्यावर आकडा १४ च्या आसपास चढलाच नाही, तर बॅटरी बदलण्याआधी अल्टरनेटर तपासा. नाहीतर नवी बॅटरीही काही दिवसांत डाउन होईल.

५. चिमूटभर भुकटी, अख्खी गाडी ठप्प

टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवट भुकटी विजेची वाट अडवते. उन्हाळ्यात हा अडथळा खपून जातो, थंडीत नाही. इंजिन बंद करून आधी मायनसची, मग प्लसची केबल काढा. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. सोडा ॲसिडला भिडून फसफसतो आणि खालचा स्वच्छ धातू दिसू लागतो. कोरडं करून आधी प्लस, शेवटी मायनस घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

६. भरलेली बॅटरी तगते, रिकामी गोठते

फुल चार्ज बॅटरीतलं ॲसिड उणे ५० अंशांनाही गोठत नाही. बॅटरी उतरली की मात्र ॲसिड पाण्याइतकं पातळ होत जातं आणि उणे १० च्या आसपासच त्याचा बर्फ होऊ शकतो. लेहला गाडी घेऊन जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. गोठलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून कधीही जंप देऊ नका, ती फुटू शकते.

७. चोक गेला कुठे?

प्रीमिअर पद्मिनी किंवा जुनी मारुती ८०० चालवलेल्यांना थंडीत चोक ओढणं पाठ असतं. गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं. आता हे काम कॉम्प्युटर करतो, पण इंजिन किती थंड आहे हे त्याला कूलंटमधला छोटासा सेन्सर सांगतो. तो बिघडून ‘इंजिन गरम आहे’ असं कळवत राहिला, तर पेट्रोल कमी पडतं. अशी गाडी दुपारी झटक्यात सुरू होते आणि पहाटे नुसती फिरत राहते.

८. ब्राझीलच्या गाड्यांना दोन टाक्या

शुद्ध इथेनॉलची पेट घेण्याइतकी वाफ व्हायला साधारण १३ अंश तरी तापमान लागतं. पेट्रोलची उणे ४० लाही होते. ब्राझीलमध्ये १९७९ साली उसाच्या इथेनॉलवर धावणारी फियाट १४७ आली. पण दक्षिणेकडच्या थंडीत निव्वळ इथेनॉलवर गाडी सुरू करणं अवघड. मग तिथल्या गाड्यांना थंड इंजिन सुरू करण्यापुरती पेट्रोलची एक छोटी टाकी वेगळी दिली गेली. आपल्या ई-२० मध्ये ८० टक्के पेट्रोलच असतं, त्यामुळे तेवढी अडचण येत नाही.

९. डिझेलला मेणाचा त्रास

डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतो; दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. थंडीत ही हवा पुरेशी तापावी म्हणून हीटर प्लग लागतात. डॅशबोर्डवरचं कॉइलचं चिन्ह विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. कडाक्याच्या थंडीत तर डिझेलमधलं मेणच गोठून फिल्टर तुंबतो. त्यासाठीच इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास डिझेल आणलं.

१०. गाडीला दुलई, रणगाड्याला हवा

सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये गाड्यांना जाड दुलईसारखी आवरणं घालतात, खिडक्यांना दुहेरी काचा लावतात आणि काही जण इंजिन तासन्‌तास बंदच करत नाहीत. कॅनडातल्या विनिपेगमध्ये गाड्यांच्या पुढून चक्क वायर लोंबते. ती पार्किंगमधल्या सॉकेटमध्ये खोचली की आतला हीटर रात्रभर इंजिन ऊबदार ठेवतो. आणि दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत टी-३४ रणगाड्यात बॅटरीने दगा दिलाच, तर दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर इंजिन सुरू करायची सोय होती.

११. शेवटची क्लिप बॅटरीला लावू नका

जंप देताना प्लसला प्लस जोडा. मग चांगल्या बॅटरीच्या मायनसची केबल बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या क्लिपची ठिणगी तिथे धोक्याची. सेल्फही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, नाहीतर स्टार्टर जळेल.

दिवाळी झाली की बॅटरी आणि टर्मिनल एकदा तपासून घ्या. तरीही गाडी अडलीच, तर मेकॅनिकला नुसतं ‘गाडी बंद पडलीय’ असं सांगू नका. आवाज कसा येतो, दिवे किती लागतात, ऊन वर आल्यावर ती सुरू होते का, या तीन गोष्टी नक्की सांगा. त्याला नेमका भाग सापडेल आणि तुमचा नाहक खर्च वाचेल.