‘क्लायंट म्हणाला’ हे प्रमाण कधी होतं?

(करसल्लागारांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस करसल्लागारांपुढे काय बोलणार, अशी शंका काही चेहऱ्यांवर दिसते आहे. ती रास्त आहे. मला रिटर्न भरता येत नाही. माझं रिटर्न माझा एक जुना विद्यार्थी भरतो. (हशा.) पण रिटर्नच्या हंगामात तुम्ही मंडळी एकमेकांना फोन करून जे प्रश्न विचारता, ते त्याच्याकडून मी बरीच वर्षं ऐकतो आहे. त्यातले निम्मे प्रश्न माझ्या विषयातले आहेत, असं माझं मत झालं आहे. ते कसे, एवढंच आज सांगतो.

तुमचे प्रश्न दोन जातींचे असतात. पहिली जात म्हणजे कोणता फॉर्म भरायचा, धंद्याचं उत्पन्न असताना जुनी करप्रणाली हवी असेल तर १०-आयईए कधी द्यायचा, वगैरे. यांची उत्तरं कायद्यात आणि नियमांत असतात. शोधली की सापडतात.

दुसरी जात बघा. ‘क्लायंट म्हणतो, भाडं दिलं, पण पावती नाही. दाखवू का?’ ‘एआयएसमध्ये व्याज दिसतंय, क्लायंट म्हणतो माझं नाही. काय करू?’ ‘गेल्या वर्षी दुसऱ्याने भरलेल्या रिटर्नमध्ये खोटी देणगी आहे. यंदाचं मी भरू का?’ हे प्रश्न वरवर कलमांचे वाटतात. खरा प्रश्न वेगळाच असतो. मी जे लिहिणार आहे ते मला कशावरून माहीत आहे? आमच्याकडे याला प्रमाणाचा प्रश्न म्हणतात.

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे कुणीतरी सांगितलेलं. तुमचा सगळा व्यवसाय या चौथ्या साधनावर उभा आहे. क्लायंटचं घर तुम्ही पाहिलेलं नाही, भाडं देताना तुम्ही तिथे नव्हता. मग दुसऱ्याचा शब्द कधी मानायचा? गौतमाचं उत्तर असं की, आप्ताचा शब्द मानायचा. आणि आप्त कोण, हे भाष्यकार वात्स्यायन सांगतो. ज्याला ती गोष्ट स्वतः माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो की परका, हेही तो स्पष्ट करतो. म्हणजे इथे हुद्दा बघायचा नाही, ओळख बघायची नाही. कसोट्या दोनच. माहीत आहे का? आणि तसंच सांगायचं आहे का?

या दोन कसोट्या तुमच्या टेबलावर आणून ठेवू.

पंच्याहत्तर वर्षांच्या एक आजी येतात. म्हणतात, ‘व्याजाचं काही दाखवू नकोस रे बाळा, बँकेत १५-एच भरून दिलाय.’ आजींना लपवायचं काहीच नाही, दुसऱ्या कसोटीला त्या पूर्ण उतरतात. पहिलीला उतरत नाहीत. १५-एच दिल्याने फक्त टीडीएस कापला जात नाही, व्याज करमुक्त होत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. इथे संशय घ्यायचा नाही, समजावून सांगायचं. तसंच, वर्षाचा एकूण कर शून्य येणार असेल तरच तो फॉर्म द्यायचा असतो, हेही सांगायचं. उत्पन्न वाढलेलं असेल तर पुढच्या वर्षी आजींनी तो देऊ नये.

आता दुसरा. चांगल्या पगाराचा तरुण. ‘आईवडिलांना भाडं देतो, दाखवा.’ याला सगळं माहीत आहे. पहिल्या कसोटीला तो उतरतो, अडचण असली तर दुसरीची असते. पण म्हणून लगेच ‘खोटं आहे’ असं धरू नका. आईवडिलांच्या मालकीच्या घरात राहून त्यांना खरोखर भाडं देणं कायद्याला चालतं. मग तीन साधे प्रश्न विचारायचे. घर कुणाच्या नावावर? पैसे बँकेतून गेले का? वडील आपल्या रिटर्नमध्ये हे भाडं उत्पन्न म्हणून दाखवतात का? तिसऱ्या प्रश्नाला बरेच जण थबकतात. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. मुलाने दिलेलं भाडं वडिलांकडे पोचलं का, हे विभागाला दोन्ही पॅन शेजारी ठेवून बघता येतं.

तिसरा साक्षीदार म्हणजे एआयएस. नोव्हेंबर २०२१मध्ये हे वार्षिक माहिती विवरण आलं आणि पुष्कळांनी त्याला वेदवाक्य मानलं. एआयएस हाही शब्दच आहे. बँक, निबंधक कार्यालय, कंपनी यांनी विभागाला सांगितलेलं. त्यांना खोटं सांगायचं नसतं, पण नेमकं माहीत असेलच असं नाही. दोन भावांनी वडिलोपार्जित घर विकलं, तर कधी कधी दोघांच्याही नावावर पूर्ण किंमत दिसते. संयुक्त ठेवीचं सगळं व्याज पहिल्या नावावर पडतं. अशा वेळी एआयएसमधला आकडा मुकाट्याने उचलणं ही जशी चूक, तसंच ‘क्लायंट नाही म्हणाला’ म्हणून तो सोडून देणंही चूकच. तिथे अभिप्राय नोंदवायची सोय आहे: माहिती दुसऱ्याची आहे, दुबार आली आहे, अंशतः चूक आहे. खरेदीखत, बँकेचा उतारा बघा, अभिप्राय द्या, आणि तो कागद फाइलला लावा. दोन शब्दांमध्ये भांडण लागलं की निवाडा कागद करतो.

आणखी एक साक्षीदार राहिला, तो म्हणजे ‘सगळे असंच करतात’ म्हणणारा व्यवसायबंधू. त्याला तुमच्या क्लायंटची हकीकत माहीत नाही, आणि त्याला उत्तर देऊन फोन ठेवायचा असतो. तो दोन्ही कसोट्यांवर पडतो. (हशा.) त्याला कलम विचारा, हकीकत विचारू नका.

आता थोडं गंभीर बोलतो.

रिटर्न हे कुणाचं विधान आहे? आयकर कायद्याच्या कलम १४०प्रमाणे व्यक्तीच्या रिटर्नची पडताळणी सामान्यतः तिने स्वतः करायची असते. ‘यात दिलेलं खरं आहे’ असं करदाता म्हणतो. पूर्वी तो कागदावर सही करायचा, निदान पान तरी उलटायचा. आज काय होतं? फोन जातो, ‘काका, ओटीपी आलाय, सांगा.’ काका सहा आकडे सांगतात. त्या सहा आकड्यांत काकांनी शपथेसारखं एक विधान केलं, आणि ते काय केलं हे त्यांना ठाऊक नाही.

यातून काय होतं, ते १४ जुलै २०२५ रोजी दिसलं. बोगस वजावटींच्या विरोधात आयकर विभागाने देशभर दीडशे ठिकाणी तपासणी सुरू केली. घरभाडं, राजकीय पक्षांना देणग्या, शैक्षणिक कर्जाचं व्याज, आजारपणाचा खर्च, अशा वजावटी कमिशनवर दाखवणारे मध्यस्थ त्यात होते. विभागाने सांगितलं की, त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले. आणखी एक तपशील फार बोलका होता. काही मध्यस्थ केवळ रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल उघडत आणि नंतर सोडून देत. नोटिसा त्या पत्त्यावर जात. करदात्याला पत्ताच नाही!

बघा हं, त्या करदात्यांत लबाड असतील तसे भाबडेही असतील. कारखान्यातला कामगार, शिक्षक. ‘रिफंड काढून देतो’ म्हणणाऱ्याला त्याने टक्केवारी दिली. नोटीस येते तेव्हा टक्केवारी घेणारा समोर नसतो.

‘मी फक्त फॉर्म भरला, सांगितलं त्याने’ हे वाक्य मला धर्मराजाच्या अर्धसत्यासारखं वाटतं. शब्द खरे, आणि हेतू मात्र समोरच्याची समजूत चुकवण्याचा. कायद्यालाही ते पटत नाही. कलम २७७ खोटं विधान करणाऱ्यासाठी आहे, पण त्याच्या शेजारीच २७८ आहे, ते खोट्या रिटर्नला साहाय्य करणाऱ्यासाठी. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले. मागच्या वर्षांना जुनाच लागू, म्हणून मी जुने आकडे सांगतो. प्रश्न काही बदललेला नाही.

मग उपाय काय? तीन सांगतो. ईमेल आणि मोबाइल क्लायंटचाच टाका. ओटीपी मागण्यापूर्वी एका पानाचा सारांश पाठवा: उत्पन्न इतकं, वजावटी या, कर इतका, रिफंड इतका. त्याचं ‘वाचलं, बरोबर आहे’ असं उत्तर जपून ठेवा. आणि फी रिफंडच्या टक्क्यांत घेऊ नका. रिफंड वाढला की आपली फी वाढते, अशी व्यवस्था लावली की तुम्ही स्वतः दुसऱ्या कसोटीवर डळमळता. चार्टर्ड अकाउंटंटांना निकालावर अवलंबून असलेली फी सर्वसाधारणपणे वर्ज्यच आहे, ती उगाच नाही.

जुनी चूक सापडली तर? समजा तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने एक लाखाची खोटी देणगी दाखवली. उपकरासह कर वाचला सुमारे ३१ हजार. कलम २७०-ए खाली हे चुकीचं कथन ठरलं, तर दंड कराच्या दोनशे टक्के, म्हणजे आणखी सुमारे ६२ हजार, शिवाय व्याज. तेच करनिर्धारण वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत अद्ययावत रिटर्न भरलं तर कर, व्याज आणि त्या दोन्हींच्या बेरजेवर पंचवीस टक्के जादा. उशीर होईल तसा हा टक्का पन्नास, साठ, सत्तर असा चढतो, आणि मुदत चार वर्षांची आहे. पण विभागाची कारवाई सुरू व्हायची वाट बघू नये. हा हिशोब क्लायंटला कागदावर मांडून दाखवा. नीतीचं प्रवचन देण्यापेक्षा ते बरं. नीतीचं आम्ही बघतो. (हशा.)

तो तरीही नाही म्हणाला तर? तुम्ही पोलीस नाही. त्याची माहिती गुप्त ठेवणं हे तुमचं कर्तव्य आहे. पण त्याच खोट्यावर उभं असलेलं यंदाचं रिटर्न भरायचं नाही, आणि आपला सल्ला लेखी देऊन काम सोडायचं. गुपित राखणं वेगळं आणि त्यात भागीदार होणं वेगळं.

याची दुसरी बाजूही आहे. भित्रा सल्लागारही क्लायंटचं नुकसान करतो. आईच्या औषधोपचाराचा खरा खर्च आहे, कागद आहेत, वजावट बसते आहे, आणि ‘कशाला उगाच नोटीस’ म्हणून ती सोडली, तर ती त्याच्या हक्कावर गदा आहे. कायद्याने दिलेली सवलत घेणं म्हणजे करचुकवेगिरी नव्हे. जुन्या-नव्या प्रणालीची तुलना करून स्वस्त पडेल ती निवडणं हा त्याचा अधिकार आहे.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, हे सगळं ठीक. पण मी इतके प्रश्न विचारले तर क्लायंट समोरच्या दुकानात जाईल. तिथे पाच मिनिटांत रिफंड काढून देतात.)

काही जातील. जाणार नाहीत असं मी सांगणार नाही, ते खोटं होईल. पण जे राहतील त्यांचा विचार करा. नोटीस आली की माणूस सगळ्यात आधी ज्याला फोन करतो, तो आप्त. मराठीत आप्त म्हणजे नातलगही होतो, ते मला फार आवडतं. तुम्ही विचारलेले प्रश्न आणि फाइलला लावलेले कागद त्या दिवशी त्याच्या उपयोगी पडतात. समोरच्या दुकानाला त्या दिवशी कुलूप असू शकतं.

थांबतो.