ट्रॅक्टरच्या स्क्रीनवर '११०-३' की '११०-०'? एका आकड्याने बदलतो दुरुस्तीचा खर्च. फॉल्ट कोड कसा वाचायचा?

ऐन वाफशावर ट्रॅक्टरची ताकद एकदम कमी होते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि स्क्रीनवर काही आकडे दिसतात. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर बदलूनही फरक पडत नाही. मग एकेक सेन्सर बदलायला सुरुवात होते. बिल वाढते, पेरणी लांबते. प्रत्यक्षात बिघाड अनेकदा एखाद्या तुटलेल्या वायरमध्ये असतो.

ट्रॅक्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स कुठून आले?

५० एचपीवरील नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून 'ट्रेम स्टेज ४' हे प्रदूषण निकष लागू झाले. ते पाळण्यासाठी बहुतेक कंपन्यांनी जुन्या मेकॅनिकल पंपाऐवजी कॉमन रेल इंजिन आणले. यात किती डिझेल, कधी फवारायचे हे ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला तापमान, दाब, वेग यांची माहिती सेन्सर देतात. एखादी माहिती चुकीची वाटली, की इंजिन वाचवण्यासाठी ईसीयू ताकद कमी करतो. यालाच 'लिंप मोड' म्हणतात.

कोडमधले दोन आकडे काय सांगतात?

अनेक ट्रॅक्टरमध्ये जे-१९३९ या मानकानुसार कोड दिसतो. त्यातला पहिला आकडा म्हणजे एसपीएन. बिघाड कशाशी संबंधित आहे, हे तो सांगतो. दुसरा आकडा एफएमआय, म्हणजे बिघाडाचा प्रकार. उदाहरणार्थ, ११० म्हणजे कूलंटचे तापमान.

- ११०-०: इंजिन खरोखरच जास्त तापले आहे. काम लगेच थांबवा. रेडिएटरची जाळी, कूलंट, फॅन बेल्ट तपासा.
- ११०-३: सेन्सरच्या वायरवर व्होल्टेज जास्त आहे. या सेन्सरमध्ये याचा अर्थ बहुधा वायर तुटली किंवा कनेक्टर सैल झाला, असा होतो.
- ११०-४: व्होल्टेज कमी आहे. वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली असू शकते.

आकडा ११० च, पण एकात इंजिन धोक्यात आहे, तर दुसऱ्यात काम वायरिंगचे आहे. त्यामुळे दिवा लागताच बॅटरी काढून कोड घालवण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. काही कंपन्या स्वतःचे वेगळे कोड वापरतात. त्यांचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो.

सेन्सर बदलण्याआधी काय तपासावे?

१. बॅटरी: इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. व्होल्टेज कमी असेल, तर एकाच वेळी अनेक खोटे कोड येऊ शकतात.

२. अर्थिंग: बॅटरीपासून चेसिसला जाणारी पट्टी गंजली किंवा सैल आहे का, ते पाहा.

३. वायरिंग: ट्रॅक्टर बरेच दिवस उभा असेल, तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का आणि कनेक्टरमध्ये पाणी शिरले आहे का, ते तपासा.

४. कॅन लाइन: वेगवेगळे कंट्रोलर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात, त्या दोन वायरींमध्ये सप्लाय बंद असताना मल्टिमीटरवर सुमारे ६० ओहम दिसायला हवेत. टोकांना असलेल्या १२०-१२० ओहमच्या दोन रेझिस्टरमुळे हा आकडा येतो. १२० दिसले, तर एका टोकाचा संपर्क तुटला आहे असे समजा.

नवा पार्ट बसवला, तरी बिघाड का राहतो?

कारण कॅलिब्रेशन राहून गेलेले असते. कॉमन रेलच्या प्रत्येक इंजेक्टरचा प्रवाह किंचित वेगळा असतो. त्यामुळे अनेक इंजिनांत इंजेक्टरवर छापलेला कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. तो भरला नाही, तर धूर किंवा थरथर होऊ शकते. इलेक्ट्रॉनिक लिफ्ट असलेल्या मोठ्या मॉडेलमध्ये पोझिशन सेन्सर बदलल्यावर लिफ्टची सर्वांत खालची आणि सर्वांत वरची जागा कंट्रोलरला पुन्हा 'शिकवावी' लागते. इलेक्ट्रॉनिक क्लचचे कॅलिब्रेशन करताना तेल गरम लागते. थंड तेलावर केले, तर गिअर झटके देतात.

स्कॅनर कोणाकडे?

खरी अडचण इथे आहे. कोड वाचणे तुलनेने सोपे आहे, पण कॅलिब्रेशनसाठी बहुतेक वेळा कंपनीचे सॉफ्टवेअर लागते आणि गावातल्या मेस्त्रीकडे ते नसते. अमेरिकेतील कोलोराडो राज्याने यावर कायदाच केला. तिथे १ जानेवारी २०२४ पासून कंपन्यांना शेती यंत्रांची दुरुस्तीची साधने आणि माहिती शेतकऱ्यांना व स्वतंत्र मेकॅनिकना द्यावी लागते. भारतात केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. त्यात शेती उपकरणांचाही समावेश आहे, मात्र कोलोराडोसारखी कायदेशीर सक्ती नाही.

हे विसरू नका

- ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या वायरी काढा. ईसीयूचे कनेक्टर काढण्याबाबत मॅन्युअलमधील सूचना पाळा.
- धुताना प्रेशरचे पाणी ईसीयू आणि कनेक्टरवर मारू नका.
- इंजिन चालू असताना किंवा नुकतेच बंद केल्यावर कॉमन रेलचा पाइप सैल करू नका. त्यातील दाब एक हजार बारच्या वर जाऊ शकतो आणि डिझेलची धार कातडीत घुसते.
- नवा ट्रॅक्टर घेताना डीलरला विचारा: स्कॅनर असलेला मेकॅनिक शेतावर येतो का, किती वेळात येतो आणि वॉरंटी संपल्यावर त्याचे किती पैसे पडतात?