शेवटच्या पाण्यातले व्हिनेगर

बँकेच्या नोकरीत बदली पाचवीलाच पुजलेली असते. नव्या गावी ट्रक रिकामा होतो, मुलांचे शाळाप्रवेश पार पडतात आणि महिना-दोन महिन्यांत ध्यानात येते, की पांढरे सदरे करडे दिसू लागले आहेत व टॉवेल पापडासारखे कडक झाले आहेत. दोष साबणाला दिला जातो. खरा दोष बहुधा पाण्याचा असतो.

कूपनलिकेच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विपुल असतील, तर ते पाणी दुष्फेन होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने या काठिण्याची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम मानली आहे. अन्य स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. अशा पाण्यात साबण फेस देण्याऐवजी क्षारांशी संयोग पावतो आणि न विरघळणारा साका धाग्यांवर बसतो. धुलाईची पावडर या बाबतीत सरस. मात्र ती अल्कधर्मी असल्याने नीट खळबळले नाही तर तिचा अंशही कपड्यात उरतो.

येथे स्वयंपाकघरातील व्हिनेगर उपयोगी पडते. त्यात साधारण चार ते पाच टक्के ॲसिटिक आम्ल असते. हे सौम्य आम्ल उरलेल्या अल्कलीचा प्रभाव नाहीसा करते व क्षारांचा थर सैल करते. कपडा मऊ लागतो, रंग उजळ दिसतो. वास वाळताना उडून जातो.

पण ते घालायचे केव्हा, यातच सारे मर्म आहे. पावडरीबरोबर ते घातले, तर आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात आणि पैसे दोन्हींचे वाया जातात. खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र करण्याचा लोकप्रिय सल्लाही याच जातीचा. बुडबुडे पुष्कळ, काम थोडे. व्हिनेगरची जागा शेवटच्या पाण्यात. हाताने धुताना बादलीभर पाण्यात अर्धी वाटी घालून कपडे पाच-दहा मिनिटे बुडवावेत व पिळावेत. यंत्रात ते सॉफ्टनरच्या कप्प्यात ओतावे. आम्लाने रबरी कडी झिजण्याची शक्यता असल्याने काही उत्पादक त्यास मनाई करतात. माहितीपुस्तिका आधी पाहिलेली बरी.

एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. पांढऱ्या कपड्यांना अधिक चमक यावी म्हणून क्लोरीनयुक्त ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र केल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. बंद न्हाणीघरात तो डोळे व फुप्फुसे होरपळवतो. दोन्ही एकाच बादलीत तर नकोतच, एकाच धुलाईतही नकोत.

जरीची वस्त्रे आणि शिंपल्याची बटणे यांना आम्ल मानवत नाही. रेशमासाठी रिठ्याचे पाणी हाच आजीचा उपाय आजही विश्वासार्ह आहे. तेलाचा डाग व्हिनेगरने जात नाही, आणि जंतुनाशक म्हणून त्याच्यावर विसंबणे हा भाबडेपणा ठरेल.

खरेदी करताना रंगहीन, साधे व्हिनेगर घ्यावे. सफरचंदाचे महागडे व्हिनेगर कपड्यांवर अधिक काही करत नाही. शिवाय त्याच्या रंगाचा डाग पडण्याची भीती. गोव्यातील माडाच्या सुरेचे व्हिनेगर तर विंदालूसाठीच राखून ठेवावे.