घर ‘नावावर होते’ म्हणजे काय होते?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगत आले. परंतु बांधलेले घर कागदोपत्री एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते कसे, याविषयी ही म्हण काहीच सांगत नाही. सख्ख्या भावंडांतली कितीतरी भांडणे मात्र नेमकी तिथूनच सुरू होतात.

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे शिक्क्याचा कोणताही कागद घरात आला की तो माझ्या हाती येतो. गेल्या वर्षी आजोबा वारले आणि त्यांनी स्वकष्टाने बांधलेले गावठाणातले तीन खणांचे घर वडिलांच्या नावावर करायचा विषय निघाला. त्या निमित्ताने जे वाचावे लागले, चार ठिकाणी विचारावे लागले, ते इथे मांडत आहे. माझ्यासारख्या घरांतून आलेल्या मित्रमैत्रिणींना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

‘घरपट्टी आमच्या नावाने येते, तेव्हा घर आमचेच’ ही आपल्याकडची पहिली समजूत. गावात घरपट्टी ज्या नोंदवहीवरून आकारतात तिला नमुना ८ म्हणतात. ग्रामपंचायतीने कर कोणाकडून घ्यावा, एवढेच ती सांगते. विजेचे बिल तर भाडेकरूच्या नावानेही असू शकते. शेतजमिनीचा सातबारा आणि फेरफार यांचेही तसेच. नुसत्या फेरफाराने कोणाला मालकी मिळत नाही आणि कोणाची जातही नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. या नोंदी निरुपयोगी नाहीत; ताबा आणि वहिवाट दाखवायला त्या कामी येतात. पण मालकी आधी आणि नोंद मागाहून, हा क्रम विसरता कामा नये. गावठाणातल्या घरांना पुष्कळ ठिकाणी मिळकत पत्रिकाच नव्हती. २०२० साली केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तीत ड्रोनने गावठाणाची मोजणी करून घरांच्या मिळकत पत्रिका तयार केल्या जातात. आपल्या गावात ही मोजणी झाली असेल, तर आपल्या घराच्या हद्दी नकाशात बरोबर आल्या आहेत ना, हे पाहून घ्यावे.

मग मालकी जाते कशाने? घर विकत घेतले तर खरेदीखताने, प्रेमाने दिले तर बक्षीसपत्राने, आणि माणूस वारल्यावर मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा यांनी शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचे खरेदीखत नोंदवलेच पाहिजे, असे बंधन घातले आहे. शंभर रुपयांत आज कुडाची भिंतही उभी राहत नाही. तेव्हा कोणतेही घर यातून सुटत नाही. बक्षीसपत्राला तर किमतीची अटच नाही. ते नोंदवावेच लागते. मृत्युपत्राला मात्र नोंदणीची सक्ती नाही; दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात.

नोंदणी होते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. आधी मुद्रांक शुल्क भरायचे. मग ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ यांनी साक्षीदारांसह हजर राहायचे. तिथे फोटो आणि अंगठ्याचे ठसे घेतात. सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला सादर करावा लागतो. नोंदणीनंतर सूची क्रमांक २ चा उतारा मिळतो, तो जपून ठेवावा. पैसे देण्यापूर्वी मात्र शोध घ्यायचा. घर आजवर कोणाकोणाकडून आले आणि त्यावर कर्जाचा बोजा आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्यायचे. साधारण तीस वर्षांचा शोध घेण्याची रीत आहे.

इथेच दुसरी समजूत आडवी येते. ‘स्टँपपेपरवर लिहिले, नोटरीचा शिक्का घेतला, झाले!’ नोटरीचा शिक्का सही त्याच माणसाने केली याला दुजोरा देतो. घर देत नाही. साठेखत हेसुद्धा पुढे खरेदी करण्याचा करारच असतो. मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र एकत्र करून केलेल्या व्यवहाराने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले.

आता वारसाविषयी. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत त्याची आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मजात हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला. १९९४ ची तरतूद कायदा येण्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती. २००५ ने तो भेद काढला. आमच्या आजोबांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. म्हणजे आजी, वडील आणि दोन आत्या असे चार वारस, प्रत्येकाचा चौथा हिस्सा. पंचायतीच्या वहीत एकट्या वडिलांचे नाव लागले असते, तरी इतर तिघींचा हिस्सा बुडाला नसता.

मग वाटा सोडायचा तर हक्कसोडपत्र लागते, आणि तेही नोंदवावे लागते. बहिणींना बहुधा सांगितले जाते, ‘नाव लावायचे आहे, इथे सही कर.’ आमच्याकडे मसुदा लिहून आला तेव्हा धाकटी आत्या मला म्हणाली, “पोरी, काय लिहिलंय ते वाच तरी.” मी वाचले. ‘स्वखुशीने व कोणताही मोबदला न घेता माझा व माझ्या वारसांचा हक्क कायमचा सोडून देत आहे’ असे त्यात होते. ‘माझ्या वारसांचा’ या शब्दांपाशी तिने मला थांबवले आणि पुन्हा वाचायला लावले. थोरल्या आत्याने समजून उमजून सही करायचे ठरवले. धाकटी म्हणाली, “दादा, घरात तूच राहा. पण माझं नाव राहू दे.” वडील आठ दिवस कोणाशी फारसे बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनीच वारस नोंदीचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला, चारही नावे घालून.

नोंदवलेले हक्कसोडपत्र मागाहून रद्द करायचे तर कोर्टात जाऊन फसवणूक किंवा दडपण सिद्ध करावे लागते. म्हणून विचार सहीच्या आधी व्हावा. आपल्या आईला, आत्याला, मावशीला तो कागद वाचता येत नसेल, तर तो वाचून दाखवणे हे आपल्या शिक्षणाचे काम आहे. ‘तबदील’, ‘बोजा’, ‘चतुःसीमा’ हे शब्द कोणत्याही विषयाच्या पुस्तकात आपल्याला भेटत नाहीत. ते घरातल्या पेटीत भेटतात.

या सुटीत गावी गेलात की ती पेटी उघडा. घराचा मूळ दस्त आहे का, तो नोंदवलेला आहे का, त्यातल्या चार सीमा आजच्या शेजाऱ्यांशी जुळतात का, आणि वारसांपैकी कोणाचे नाव राहून गेले आहे, एवढे पाहा. ज्यांना ठाऊक आहे ती वडीलधारी माणसे घरात आहेत, तोवरच त्यांना विचारून घ्या.