नाकं मोजणारे आणि नोकऱ्या मोजणारे

१९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांची पक्की धारणा होती की जात म्हणजे मुळात वंश. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचं, शंभराने गुणायचं. आकडा जितका लहान तितकी जात वरची, असा त्यांचा सिद्धांत. गंमत अशी, की याच रिस्लेंनी महाराष्ट्रातले ब्राह्मण आणि कुणबी एकाच ‘शक-द्रविड’ गटात बसवले. त्याच सुमारास कोल्हापुरात काय चाललं होतं? पंचगंगेवर स्नानाच्या वेळी खुद्द छत्रपतींसाठी वेदोक्त मंत्र म्हणायला पुरोहिताने नकार दिला होता, कारण त्याच्या लेखी राजा शूद्र. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले तेव्हा राज्यकारभारातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. म्हणजे साहेबाच्या तक्त्यात जे एका वंशाचे ठरले, त्यांच्यात घाटावर मंत्राचा आणि कचेरीत खुर्चीचा भेद होता. नाकं एका मापाची आणि हक्क वेगवेगळे, तर भेदाचं कारण नाकात शोधून सापडणार नव्हतं.

शाहू महाराजांनी शोधलं ते दुसरीकडे. २६ जुलै १९०२च्या हुकुमाने त्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या हुकुमातलं एक कलम मात्र फारसं कुणी सांगत नाही: नव्या नेमणुकांचा तपशील खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी कळवायचा. समाजशास्त्राच्या दृष्टीने मला हे कलम टक्केवारीइतकंच मोलाचं वाटतं. माणूस कोणत्या रक्ताचा हा प्रश्न बाजूला ठेवून, त्याला दारातून आत कोण घेतं आणि कोण घेत नाही, याची नोंद इथे सुरू झाली. १९१२पर्यंत ९५ जागांपैकी ब्राह्मणांकडे ३५ उरल्या. दहा-वीस वर्षांत कुणाच्या कवटीचा आकार बदलत नाही. बदलला होता तो नेमणुकीचा नियम.

अभ्यासकांच्या जगात हा मुद्दा रुजायला वेळ लागला. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीवरचा आपला निबंध वाचला. त्याच विद्यापीठात फ्रान्झ बोआस यांनी, अमेरिकेत जन्मलेल्या स्थलांतरितांच्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांपेक्षा वेगळा निघतो, हे दाखवून वंशवाद्यांची पंचाईत करून ठेवली होती. आंबेडकरांनी जातीचं मूळ वंशात मानलं नाही, बेटीबंदीत मानलं. पुढे मालवणचे गो. स. घुर्ये यांनी १९३२च्या आपल्या ग्रंथात रिस्लेंचेच आकडे पुन्हा तपासले आणि नाकाचा नियम उत्तर हिंदुस्थानाबाहेर, विशेषतः महाराष्ट्रात, लागू पडत नाही हे दाखवलं. इरावती कर्व्यांचं धैर्य याहून मोठं. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, ज्यांच्या विचारांचा पुढे नाझींनी आधार घेतला. गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व कवटीच्या असमान बाजूंवरून सिद्ध व्हावं, ही फिशर यांची अपेक्षा. कर्व्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाचा व त्या असमानतेचा संबंध दिसत नाही, असं गुरूच्या तोंडावर लिहून दिलं. अर्थात मोजमापाचा नाद त्यांनाही पुढे सुटला नाही. आणि वंशाची भाषा फक्त गोऱ्या साहेबाची होती असंही नाही. अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना ‘गुलामगिरी’ अर्पण करणाऱ्या जोतीरावांनीही ब्राह्मणांना बाहेरून आलेले आर्य म्हणूनच रंगवलं होतं. सत्तेला आव्हान म्हणून त्या भाषेत जोर होता, पण पुरावा म्हणून ती टिकली नाही.

यावर आजचा वाचक विचारील, की जनुकशास्त्राने तर जातीजातींतले फरक दाखवलेच ना? दाखवले, पण ते नीट वाचायला हवेत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले लोकसमूह आपसात भरपूर मिसळले आणि त्यानंतर ही सरमिसळ आटली. म्हणजे आधी सोयरीक थांबली, मग पिढ्यान्‌पिढ्या रक्तात बारीक फरक साठत गेले. बेटीबंदीचा हा परिणाम आहे. त्यालाच जातीचं कारण ठरवणं म्हणजे गाडं उलटं जुंपणं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जात विचारत राहिलात तर जात घट्ट होते, म्हणून विचारूच नका, असं चांगली माणसंही म्हणतात. स्वातंत्र्यानंतर आपण अनुसूचित जाती-जमाती सोडून जनगणनेत जात विचारली नाही. त्याने जात सैल झाली का? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदललं ते फक्त नाव. २००७ साली त्यांनी निष्कर्ष छापले: दलित आणि मुस्लीम नावांच्या उमेदवारांना बोलावणं येण्याची शक्यता कमी होती. अर्जावर जातीचा रकाना नव्हता, तरी वाचणाऱ्याने ती ओळखलीच. २००१च्या डर्बन परिषदेत आपल्या सरकारने, जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून जागतिक वंशभेदविरोधी चर्चेत ती नको, अशी भूमिका घेतली. पहिलं विधान खरं आहे. पण त्यातून ‘म्हणून भेदभावच नाही’ किंवा ‘म्हणून बोलू नका’ हे निघत नाही.

मोजायचं तर सावधपणे, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे, आणि त्यासाठी कोल्हापूरसारखी दुसरी कसोटी नाही. इथे पाटील मराठा असतो, जैन असतो, लिंगायतही असतो. पाटीलकी हे वतन होतं, जात नव्हे. आडनावांच्या यादीवरून प्राध्यापकांची किंवा विद्यार्थ्यांची जात ठरवणारा संशोधक शिरोळ तालुक्यात पहिल्याच पानावर फसेल. स्थानिक माणूस फसत नाही, कारण तो नुसतं आडनाव विचारून थांबत नाही, ‘कुठले पाटील?’ हा त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला. म्हणून प्रश्नावलीत जात ज्याची त्याने स्वतः सांगावी आणि तिच्यासोबत शिक्षण कुठे झालं, वसतिगृह मिळालं का, मुलाखतीत काय विचारलं गेलं, हेही नोंदवावं. येत्या जनगणनेत जात मोजायचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. हजारो जातींची नावं त्यातून गोळा होतील. त्यांपैकी कोण कुठल्या पदापर्यंत पोचलं, हे मात्र ज्या त्या विद्यापीठाला आणि कचेरीला आपल्याच दप्तरातून, दर तीन महिन्यांनी नाही तरी निदान दरवर्षी, काढून द्यावं लागेल.